मुंबईहून धुऊन आलेल्या पोरी

११ फेब्रुवारी १९३३

एकदाच्या पोचलो सोलापूरला. वैरागहून निघालेली मोटार वाटेत रुसून बसली, मथू वाटभर ओकत होती, ट्रंकेचं कुलूप तुटलं, आणि तरीही आम्ही मायलेकी हसतच उतरलो. स्वतःची नोकरी, स्वतःची खोली, आणि सकाळी उठल्यावर भावजयीचं तोंड बघायचं नाही. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात माझ्याबरोबरच्या पोरी देवाकडे काय काय मागायच्या. मी एवढंच मागितलं होतं.

खोली शुक्रवार पेठेत आहे. बुटकी, पत्र्याची, पण दार पूर्वेला. शेजारी मायाक्का म्हणून एक धनगर म्हातारी राहते. अंगणात तिच्या शेळ्या, दोरीवर तिची घोंगडी, आणि त्यातून वाट काढत आपण घरात शिरायचं. बोलता बोलता मराठीतून कानडीत जाते आणि आपल्याला कळलं नाही की आपल्यालाच हसते. तिनं मथूला पेलाभर दूध दिलं आणि विचारलं, बाप कुटं हाय? मथूनं सांगून टाकलं की बाप देवाघरी, आई शाळेत आणि मी इथं. सात वर्षांची आहे, पण उत्तर कायम तयार. मला वाटलं, आता म्हातारी माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघून हळहळणार. तर ती म्हणाली, मंग दोगी हायसा की, लई झाल्या. बाई मला आवडली.

तिचं म्हणणं खरंच आहे. मथूला माझ्याशिवाय कोणी नाही आणि मला तिच्याशिवाय. जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. मथूनं चटणी बोटानं चाटून संपवली आणि ट्रंकेवरच झोपली.

१५ फेब्रुवारी

आमची शाळा गिरणीत कामाला जाणाऱ्या बायांच्या मुलींची. भोंगा झाला की आया आत आणि पोरी आमच्याकडे. मथूही माझ्याच वर्गात आहे. शाळेचे व्यवस्थापक आबासाहेब जाडजूड आणि हौशी गृहस्थ. नवी वस्तू दिसली की त्यांचं लहान मूल होतं. त्यांनी कपाट उघडून मला सिनेमायंत्र दाखवलं. मुंबईच्या कोणा दानशूरानं शाळेला भेट दिलेलं आहे. माझ्या आधीच्या मास्तरांनी शॉक बसेल म्हणून त्याला कधी हात लावला नाही, दसऱ्याला हळदकुंकू मात्र न चुकता वाहिलं!

मी बसून सगळं समजून घेतलं. काळी लोखंडी पेटी, शिवणयंत्रापेक्षा लहान. पुढे भिंग, आत दिवा, बाजूला हातानं फिरवायचा दांडा. दिव्याला आबासाहेबांच्या मोटारीची बॅटरी लावायची. फिल्म म्हणजे करंगळीएवढी रुंद पट्टी. तिच्या मधोमध भोकं असतात, यंत्राचा दाता त्यांत अडकतो आणि एकेक चित्र खाली ओढतो. सोबत तेलाची कुपी, जादा दिवा, गुंडाळायचा पडदा, तुटलेली फिल्म जोडायचा चिमटा आणि डिंक. डिंकाला पिकल्या केळ्यांचा वास येतो. आणखी एक हत्यार आहे, खाच पाडायचं. फिल्मच्या कडेला खाच पाडली की दांडा फिरत राहतो पण ते चित्र थोडा वेळ पडद्यावर ठरतं. मुलींना नीट बघता यावं म्हणून केलेली सोय.

वर्गाच्या खिडक्यांना मायाक्काची घोंगडी टांगली आणि भर दुपारी अंधार केला. मधमाशांची फिल्म लावली. पोरी आधी किंचाळल्या, मग पडद्यामागे जाऊन माशा शोधून आल्या. गोजा नावाची एक चुणचुणीत मुलगी आहे, ती फरशी चाचपून विचारते, बाई, मध कुटं सांडला? असा तास मी जन्मात घेतला नव्हता. अंगाला घोंगड्यांचा वास लागला तरी दिवसभर खूश होते.

२ मार्च

कपाटात चावीचा कॅमेराही निघाला. म्हटलं, मधमाशा झाल्या, ज्वालामुखी झाला, आता पोरींना पोरीच दाखवू. सकाळच्या उन्हात शाळेच्या दारासमोर कॅमेरा मांडला. एकेकीनं दारातून बाहेर यायचं, नमस्कार करायचा, बाजूला व्हायचं. आयांनी पोरींच्या डोक्यावर एवढं तेल थापलं होतं की चित्रात सगळ्या चमकतील. गोजा नमस्कार करून हसली आणि दोन दात पडलेले दिसले. मथू शेवटी होती. तिनं शहाण्यासारखा नमस्कार केला, वळली, आणि जाता जाता जीभ काढून दाखवली. फिल्म वाया गेली, पण मला रागावता येईना.

आबासाहेब मुंबईला निघालेच होते. फिल्म धुवायला त्यांच्याबरोबर दिली.

४ एप्रिल

पोरींची फिल्म मुंबईहून धुऊन आली, आणि आज ती आयांना दाखवली. मी आदल्या दिवशी बसून प्रत्येकीच्या चेहऱ्यापाशी खाचा पाडून ठेवल्या होत्या. आईला आपली पोर डोळे भरून बघता यावी म्हणून.

सकाळची पाळी सुटली तशा बाया आल्या. पुढे गोजाची आई, रंभाबाई. तिच्या हातात ताट, ताटात भाकरीचे तुकडे आणि पाण्याचा तांब्या. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाली, पोरी मुंबईला जाऊन आल्यात म्हनं. येवढ्या लांबनं आलेल्या अशाच घरात घ्यायच्या व्हय? परगावाहून आलेल्या माणसावरून दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मगच आत घ्यायचं, हे काही मला नवीन नव्हतं. पण हसू आलं. मी सांगितलं, अहो, तुमच्या पोरी या काय पुढ्यात सतरंजीवर बसल्या आहेत. रंभाबाई म्हणाली, त्या हायतच की बाई. पन ह्या बी आल्यात.

आबासाहेबांना गंमत वाटली. म्हणाले, होऊन जाऊ दे. मी दांडा फिरवायला लागले. खाचेवर चित्र ठरलं की त्या पोरीची आई उठायची, पोरीचं नाव घ्यायची, पडद्यावरून भाकरतुकडा नि पाणी ओवाळायची, दाराबाहेर टाकायची आणि म्हणायची, ये माय, घरात ये. सतरंजीवरच्या पोरी आधी खिदळल्या. मग एकमेकींना खेटून बसल्या. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

शेवटी मथू आली. तिला ओवाळणारं कोण? रंभाबाईनं माझ्या हातातला दांडा घेतला आणि ताट माझ्या हातात दिलं. मी मागे सरले. विधवेनं ओवाळायचं नसतं, हे तिला काय माहीत नव्हतं? ती म्हणाली, अंधारात कोन बगतंय? तुमी आई न्हाईसा व्हय? मला रडू कोसळलं. हे गेल्यापासून कोणी माझ्या हातात ताट दिलं नव्हतं. मी पडद्यावरच्या मथूवरून तुकडा ओवाळला आणि मनापासून म्हणाले, मथुरा, ये बाई, घरात ये.

मथू खालून माझा पदर ओढत होती, आई, मी इथं आहे म्हणून. उजेडाच्या आड येत होती. मी तिला बाजूला केलं.

६ एप्रिल

मथू दोन दिवस फुगली आहे. मायाक्कानं कारण विचारलं तशी मी परवाची गंमत रंगवून सांगितली. तिनं धार काढायची थांबवली. म्हणाली, घरात घेतली ती लेक. मंग ही कोन? मी तिला उजेड-सावलीचं शास्त्र सांगायला गेले. ते तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला न्हाय कळत यव्वा, पन तू नाव घिऊन बोलावलंस की. म्हातारीपुढे शहाणपण चालत नाही.

पोरींनी हट्ट धरला म्हणून फिल्म आज पुन्हा लावली. खाचेपाशी चित्र दिव्यासमोर तापत राहतं, पट्टी तिथं वाळून कडक झाली असावी. गोजाच्या चित्रावर फिल्म तुटली आणि यंत्राच्या दात्यानं तिचा सगळा भाग चघळून टाकला. चिंध्या कापून काढल्या, टोकं खरवडली, डिंक लावून जोडली. एक तुकडा धड राहिला होता. तो गोजाला देऊ म्हणून सुपारीच्या डबीत टाकला.

८ एप्रिल

गोजा आज शाळा उघडायच्या आधी पायरीवर बसलेली. डोळे सुजलेले. म्हणाली, आई वळकत न्हाय. शेजारणीकडे झोपली होती.

मला वाटलं, भांडणं असतील. तिला हाताला धरून चाळीत घेऊन गेले. रंभाबाई चुलीपाशी होती. माझ्याशी नेहमीसारखी बोलली, पाट दिला, मथूची चौकशी केली. मग गोजाकडे बघून म्हणाली, कुनाची वं ही पोर? ग्वाड हाय की. मी म्हटलं, ही थट्टा बरी नव्हे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मलाच काही झालंय. शेजारणी जमल्या, सगळ्या गोजाला ओळखतात. बाप ओळखतो. त्यानं काल रंभाबाईला बदडलंही आहे. ती सिद्धेश्वराची शपथ घेऊन सांगते की मला पोर झालीच न्हाय.

टोपलीत एक भाकरी जास्त होती. मी विचारलं, ही कोणाची? म्हणाली, काय कळंना बाई. हात रोज एक जादाच थापतोय. मग कुत्र्याला टाकते.

गोजा तिथंच उभी होती. तिनं ते ऐकलं.

९ एप्रिल

गोजाचं चित्र यंत्रानं चघळलं आणि दोनच दिवसांत हे, विचार करून डोकं फुटायची वेळ आली. शेवटी सुपारीची डबी घेऊन पुन्हा चाळीत गेले. रंभाबाईच्या हातात तो तुकडा दिला आणि उजेडाकडे धरायला लावला. तिनं एक डोळा मिटून बघितलं आणि हंबरडाच फोडला. गोजे, म्हणून पोरीला असं कवटाळलं की पोर गुदमरली. दोघी रडल्या, मीही रडले. मग डोळे पुसायला तिनं तुकडा खाली ठेवला, आणि तिचे हात गोजाच्या अंगावरून हळूहळू सुटले. तुकडा परत दिला, पुन्हा तेच. चित्र हातात तोवर लेक.

शेवटी तुकडा चिंधीत शिवून तिच्या गळ्यात बांधला. मी ट्रेनिंग कॉलेजची बाई. लोक काय म्हणतील याचा आज विचारही आला नाही. घरी येऊन मथूला पोटाशी धरून बसले. मलाही ताट दिलं होतं. मीही हाक मारली होती.

१२ एप्रिल

मायाक्काला विचारलं, खऱ्या पोरीवरून पुन्हा भाकरतुकडा ओवाळला तर? तिनं मान हलवली. म्हणाली, आतली हाय तवर भायेरची आत येत न्हाय. मी तरी ऐकलं नाही. मथूला वेशीपर्यंत नेऊन आणलं, दारात उभं करून ओवाळलं, ये म्हणाले. मथू म्हणाली, आई, मी गेलेच कुठं होते? आत आली, जेवली. काही कळायला मार्ग नाही. मला ती आठवते आहे, पण फिल्म अजून धड आहे म्हणून आठवते आहे.

तेवढी फिल्म सांभाळायची. डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. यंत्राला ती पुन्हा लागता कामा नये.

१७ एप्रिल

काय करून बसले मी!

आबासाहेबांकडे शिक्षण खात्याचे पाहुणे आले होते. त्यांना पोरींची फिल्म दाखवायची होती. मी पाया पडून सांगितलं, लावू नका, गोजाचं बघा. ते म्हणाले, शिकलेल्या बाईनं असं बोलावं? गिरणीच्या बाया उन्हानं नि कामानं भ्रमतात, त्यात यंत्राचा काय दोष? कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असते. जोडणी तपासते म्हणून थोडा वेळ फिल्म मागून घेतली.

तेवढ्या वेळात मी काय केलं? शेवटचा भाग, मथूचा, कात्रीनं कापून घेतला आणि चोळीत लपवला. बाकीच्यांच्या पोरी तशाच राहू दिल्या. सगळी फिल्म घेऊन पळता आलं असतं. नोकरी गेली असती, एवढंच. मी फक्त माझीच घेतली.

आबासाहेबांनी स्वतः दांडा फिरवला. हौसेनं, जोरात. प्रत्येक खाचेवर फिल्म तटातट तुटत गेली. पाहुण्यांपुढे त्यांची लाज गेली म्हणून ते चिडले, तुकडे गोळा करून बाहेर पेटवलेल्या कचऱ्यात टाकायला लावले. मी धावले तोवर वळवळून काळे झाले होते. एक हाताला लागला तो म्हणजे नुसती राख.

१८ एप्रिल

भोंगा झाला. पाळी सुटली. पोरी व्हरांड्यात ओळीनं बसल्या होत्या आणि समोरच्या रस्त्यानं त्यांच्या आया चालल्या होत्या. हसत, बोलत, डब्याची फडकी झटकत. पोरी हाका मारत होत्या. काही बायांनी वळून बघितलं, रस्त्यावरच्या कोणाच्याही पोराकडे बघतात तसं. आणि पुढे गेल्या.

काहींचे बाप आले, ओढून घेऊन गेले. ज्यांना बाप नाहीत त्या बसून राहिल्या. त्यांना मायाक्का आपल्या अंगणात घेऊन आली. शेळ्यांच्या शेजारी बसून दूध पितात. माझ्याकडे कोणी बघत नाही. त्यापेक्षा त्यांनी मला दगड मारले असते तर बरं वाटलं असतं.

२० एप्रिल

रंभाबाईचं संपलं. गळ्यातली चिंधी उसवून बघितली. मण्यांनी घासून घासून आणि गिरणीच्या उष्म्यानं तुकडा कोरा झाला आहे. नुसती पिवळी पट्टी. तिनं ती चिंधी मलाच परत दिली. तुमची दिसती बाई, म्हणाली.

म्हणजे घासू द्यायचं नाही. तापू द्यायचं नाही. सोलापुरात, या दिवसांत! पत्रा असा तापलाय की खोलीत पाय ठेववत नाही. मथूची पट्टी आत्ताच कडक होऊन वळायला लागली आहे. यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलं आहे की फिल्म फार वाळली तर तडकते, थोडा गारवा द्यावा.

ओल्या फडक्यात गुंडाळून डबीत घातली आणि डबी माठाखालच्या वाळूत पुरली. घरात तेवढी एकच गार जागा आहे. आता जरा जीव थाऱ्यावर आला. सारखी उघडून बघायची नाही असं ठरवलं आहे. हात लागला तरी खराब होईल.

२४ एप्रिल

डबी उघडली. उघडायला नको होती. नाही, आधीच उघडायला हवी होती —

पट्टी काचेसारखी स्वच्छ. चित्र सगळं फडक्याला. बुळबुळीत, काळपट, सायीसारखं. बोट लावलं तर बोटाला आलं. माझ्या बोटाला मथू लागली आणि मी ती पदराला पुसली. मग कळलं काय पुसलं ते.

ओलाव्यानंच गेलं. ऊन लागू नये म्हणून मी ओलं फडकं — मीच. तुडवलं असतं, जाळलं असतं तर म्हटलं असतं राग होता. मी जपून ठेवत होते.

एका टोकाला थोडी चित्रं उरली आहेत. जीभ काढलेली. सावलीत वाळत घातली. पापुद्रा सुटतो आहे.

२५ एप्रिल, सकाळ

लिहून ठेवते. मथुरा. माझी मुलगी. सात वर्षांची. उजव्या कानामागे तीळ. चटणी बोटानं चाटते. शेळ्यांच्या शिंगांना भिते. तिच्या बापाचं नाव सिद्धनाथ.

ती झाली तेव्हा — वैरागला होते मी. की सासरी? सुईण कोण होती? पहिल्यांदा माझ्याकडे दिली तेव्हा ती रडत होती की — कोणत्या आईला हे आठवत नाही? पहिलं पाऊल. पहिला शब्द. काही तरी असेलच ना. शोधते आहे आणि हाताला भिंत लागते आहे.

मायाक्काला सांगितलं, मी हिला ओळखलं नाही तर तू घे. ती म्हणाली, घेते की. मग म्हणाली, पन ती माज्याकडं न्हाय ऱ्हायची. तुज्या दारात बसंल.

२५, दुपार

एकच चित्र राहिलं. अर्धं.

मथूनं विचारलं, आई, तू माझ्याकडे अशी का बघतेस? कशी, म्हटलं. म्हणाली, पाहुण्यासारखी.

मला ओरडावंसं वाटतं. कोणाकडे जाऊ? रंभाबाईकडे? देवाला तरी काय सांगू, कोणाला वाचव म्हणू — नाव घ्यायला गेले की जीभ अडते, वर सकाळी लिहिलेलं बघून वाचावं लागतं. मथुरा. मथुरा. मथुरा.

२६ एप्रिल

डोळे मिटले की चेहरा जातो. उघडले की येतो. पण दर वेळी उशिरा.

चित्र आता नुसता डाग. वाऱ्यानं हलतो. श्वास धरून बसले आहे.

ती मांडीवर आहे. गरम आहे. केसांना तेलाचा वास. मी हिला हाकलणार. उद्या नाही तर आत्ताच हाकलणार, मला माहीत आहे, मी रंभाबाईला बघितलं आहे — माझ्या तोंडानं, माझ्याच दारातून —

पदराची गाठ तिच्या परकराला मारली. तिनंही मारली, माझ्या गाठीवर दुसरी. विचारते, खेळ आहे का आई? हो म्हटलं. म्हणाली, मग कोण हरणार?

मला हिला विसरायचं नाही. मला हिला — देवा, ही माझी —

२६, ऊन डोक्यावर

डोळा लागला होता वाटतं.

पदराला कोणाची तरी पोर बांधलेली. असली थट्टा कोण करतं? गाठी ओढून घट्ट झाल्या आहेत, सुटत नाहीत. पोर रडत नाही. नुसती बघते. भुकेली असावी. मायाक्का दारातून ओरडते आहे, काय ते कळत नाही, उन्हानं म्हातारीचं डोकं फिरलं —

चौकीत कळवायला हवं. हिची आई शोधत असेल बिचारी. काय बाई असेल, एवढ्या उन्हात पोर सोडून —

नाव विचारलं. हळू सांगते आहे. लिहून घेते. नाव म—